स्टेट टॅक्स शून्य, मग हातात किती? अमेरिकेत राज्य बदलण्याआधीचा हिशेब

पॉटलकला ताटं हातात आली की कोणीतरी जाहीर करतंच, "आम्ही टेक्सासला चाललोय. तिकडे स्टेट टॅक्सच नाही." पुढची पंधरा मिनिटं बाकीचे सगळे मनातल्या मनात आपल्या पगाराची टक्केवारी काढत असतात. मीही काढली होती. न्यू जर्सीहून कॅलिफोर्निया आणि तिथून टेक्सास अशा दोन बदल्या पचवल्यावर एवढं कळलं, की त्या गणितात चूक नसते. ते फक्त पहिल्या ओळीवर थांबलेलं असतं.

कर मोजायला सोपा, म्हणून सगळे तोच मोजतात. घराचा खर्च मोजायला कटकटीचा. आणि ही नोकरी गेली तर त्या गावात दुसरी मिळेल का, हे तर मोजायची भीतीच वाटते. माझ्या मते महत्त्वाचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. तरी कागदावर मांडताना सोप्याकडून अवघडाकडे जाऊ. खालचे आकडे २०२५ च्या आसपासचे आहेत. कराचे दर दरवर्षी हलतात, तेव्हा सही करण्याआधी त्या त्या राज्याच्या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर एकदा डोळ्यांखालून घाला.

पहिली पायरी: आजचा खरा खर्च

गेल्या बारा महिन्यांची बँकेची आणि कार्डांची स्टेटमेंट काढा आणि खर्चाचे तीन ढीग करा. पहिल्यात कुठेही गेलात तरी तेवढेच राहणारे खर्च: भारताची तिकिटं, घरी पाठवायचे पैसे, तिकडच्या फ्लॅटचा हप्ता. दुसऱ्यात जागेप्रमाणे बदलणारे: भाडं, डेकेअर, वीज, गाडीचा विमा. तिसऱ्या ढिगात आज तुमच्याकडे एकही पावती नसेल, कारण ते खर्च तिकडे गेल्यावर जन्माला येतात: दुसरी गाडी, टोल, लॉन, पेस्ट कंट्रोल, मोठ्या घराच्या दोन एसी युनिट्सची देखभाल. आमचा अंदाज चुकला तो सगळा या तिसऱ्या ढिगात.

राज्याराज्यांतल्या महागाईची ढोबळ तुलना हवी असेल तर फेडरल सरकारच्या ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिसचे 'रीजनल प्राइस पॅरिटी' आकडे बघा. देशाची सरासरी १०० धरून प्रत्येक राज्य आणि महानगर त्याच्या वर आहे की खाली, हे ते सांगतात. कॅलिफोर्निया बरंच वर, मिसिसिपी बरंच खाली. मात्र त्यात आयकर धरलेला नाही आणि तुमचं कुटुंबही सरासरी नाही. दोन वर्षांच्या आतलं मूल असलेलं घर आणि मुलं कॉलेजात गेलेलं घर एकाच शहरात वेगवेगळ्या महागाईत राहतात.

दुसरी पायरी: राज्य एकूण किती घेतं

पगारावर राज्याचा आयकर नसलेली राज्यं नऊ: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. यातली कोणतीही फुकट चालत नाहीत, वसुलीची खिडकी तेवढी वेगळी असते. टेनेसीत राज्य आणि स्थानिक मिळून सेल्स टॅक्स साडेनऊ टक्क्यांच्या घरात जातो आणि किराण्यावरही कर आहे. वॉशिंग्टनमध्ये सिॲटलचा सेल्स टॅक्स १० टक्क्यांच्या वर आहे, शेअर्सवरच्या मोठ्या दीर्घकालीन नफ्यावर २०२२ पासून वेगळा कर आहे आणि दीर्घकालीन शुश्रूषेसाठी पगारातून ०.५८ टक्के कापले जातात. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना या शेवटच्या कपातीतून सूट मागता येते, पण अर्ज आपणहून करावा लागतो.

वरच्या टप्प्याचा दर बघून घाबरण्यातही अर्थ नाही. कॅलिफोर्नियाचा १३.३ टक्के दर सगळ्यांना पाठ असतो, पण तो दहा लाख डॉलरच्या पुढच्या उत्पन्नाला लागतो. तिथले टप्पे खालच्या बाजूला फार सौम्य आहेत. नवराबायकोचं मिळून ८० हजार डॉलर उत्पन्न असेल तर कॅलिफोर्नियाचा आयकर दीड हजाराच्या आत राहतो, मुलं असतील तर क्रेडिट मिळून आणखी बराच उतरतो. तेच जोडपं पेन्सिल्वेनियात असेल तर ३.०७ टक्क्यांचा सपाट दर पहिल्या डॉलरपासून लागतो, म्हणजे जवळजवळ अडीच हजार, आणि वर गावाचा साधारण एक टक्का. "कमी कराचं राज्य" हा शब्दप्रयोग तुमचं उत्पन्न सांगितल्याशिवाय अपुरा आहे.

आता जास्त पगाराचं उदाहरण घेऊ. दोघांचं मिळून १ लाख ८० हजार. कॅलिफोर्नियात राज्याचा आयकर ढोबळमानाने साडेआठ हजार, शिवाय एसडीआय, म्हणजे राज्याचा अपंगत्व विमा, या नावाने २०२५ मध्ये १.२ टक्के कपात. तिला २०२४ पासून पगाराची कमाल मर्यादाच उरलेली नाही, म्हणून आणखी २,१६०. एकूण ११ हजाराच्या आसपास. न्यू जर्सीत याच उत्पन्नावर आयकर साधारण सात हजार. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

काही कपाती राज्याच्या नावाखाली दिसतच नाहीत. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्याला शहराचा वेगळा आयकर असतो, ३ ते ३.९ टक्क्यांच्या दरम्यान. ओहायोत शहरं घेतात, मेरीलँड आणि इंडियानात काउंट्या, म्हणजे जिल्हे, घेतात. व्हर्जिनियात गाडीवर दर वर्षी मालमत्ता कर येतो. जॉर्जियात राहायला गेलात की जुनी गाडी नोंदवताना तिच्या बाजारभावाच्या ३ टक्के द्यावे लागतात. टेक्सासमध्ये त्याच कामाला ९० डॉलर लागले. एचएसए या वैद्यकीय खर्चाच्या बचत खात्यात पैसे टाकत असाल तर कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी त्याची करसवलत मानत नाहीत. हा मुद्दा लहान वाटतो, पण दर वर्षी रिटर्न भरताना डोकं खातो.

आणि राहायचं एकीकडे, कामाला जायचं दुसरीकडे, असा बेत असेल तर सावध. न्यू हॅम्पशायरमध्ये घर आणि बॉस्टनमध्ये नोकरी असेल तर मॅसॅच्युसेट्स त्या पगारावर कर घेणारच. वॉशिंग्टनमधल्या व्हँकुव्हरात राहून पोर्टलँडला कामाला जाणाऱ्याला ओरेगनचा कर चुकत नाही. न्यू जर्सी आणि पेन्सिल्वेनियासारख्या काही जोड्यांत परस्पर करार आहेत, तिथे पगारावर राहत्या राज्याचाच कर लागतो. तुमच्या जोडीत असा करार आहे का, ते आधी पाहा.

तिसरी पायरी: घर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि ती तुलना करण्याच्या पद्धतीत होते. माणूस आजच्या कॅलिफोर्नियातल्या भाड्याच्या दोन बेडरूमची तुलना टेक्सासमधल्या स्वतःच्या चार बेडरूमशी करतो. राज्य आणि राहणी, दोन्ही एकाच वेळी बदलली, तर फरक कशामुळे पडला ते कसं कळणार? आधी भाड्याशी भाडं ताडून बघा, मग मालकीशी मालकी. मोठं घर हवं असेल तर जरूर घ्या, पण तो खर्च हौसेच्या खात्यात मांडा. टेक्सासने स्वस्त करून दिलं, असं स्वतःला सांगू नका.

वरच्या जोडप्याचंच बघा. ते टेक्सासला गेले, नव्या वसाहतीत ५ लाखांचं घर घेतलं. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या बाहेर नव्या वसाहतींत पाणी आणि सांडपाण्याची सोय करण्यासाठी काढलेल्या कर्जाची वसुली 'मड' नावाच्या वेगळ्या करातून होते. सगळं धरून दर अडीच टक्के पडला तर साडेबारा हजार. राहत्या घरावरची होमस्टेड सवलत शाळेच्या करापुरती १ लाख ४० हजारांची आहे. शाळेचा दर १ टक्का धरला तर चौदाशे वाचतात. राहिले अकरा हजार. कॅलिफोर्निया सोडून वाचवलेलेही अकराच हजार होते.

याचा अर्थ टेक्सास महाग, असा नाही. तेवढंच घर त्यांनी कॅलिफोर्नियात १२ लाखांना घेतलं असतं तर सव्वा टक्क्याच्या हिशेबाने पंधरा हजार मालमत्ता कर आला असता आणि कर्जाचा हप्ता दुपटीहून जास्त. खरी बचत आहे ती घराच्या किमतीत. आयकर हा त्यातला किरकोळ भाग. आणि भाड्यानेच राहणार असाल तर मालमत्ता कर घरमालक भाड्यात मिसळून तुमच्याकडूनच घेत असतो. न्यू जर्सी तर हे उघडपणे मानतं: तिथल्या भाडेकरूला भाड्याच्या १८ टक्के रक्कम मालमत्ता कर धरून उत्पन्नातून वजा करता येते.

काळाचाही फरक असतो. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे करासाठीचं मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. वीस वर्षांपूर्वी घर घेतलेला शेजारी तुमच्या निम्माही कर भरत नसेल. त्याला विचारून आपला अंदाज बांधू नका, घर विकलं गेलं की मूल्यांकन नव्या किमतीवर जातं. टेक्सासमध्ये राहत्या घराच्या मूल्यांकनाची वाढ वर्षाला १० टक्क्यांवर रोखलेली आहे, आणि साधारण १५ मेपर्यंत काउंटीकडे हरकत घेता येते. ती दर वर्षी घ्या, संकोच नको. न्यू जर्सीत दर देशात सगळ्यात वरच्यांपैकी, सरासरी बिलच वर्षाला १० हजार डॉलरच्या आसपास.

आमची ठेच सांगते. बांधून नुकतंच तयार झालेलं घर घेतलं. टेक्सासमध्ये मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं, आणि त्या दिवशी आमच्या जागेवर नुसता पाया होता. पहिल्या वर्षीचा कर जवळपास मोकळ्या जमिनीचा आला. कर्ज देणाऱ्याने एस्क्रोचा, म्हणजे कर आणि विम्यासाठी दरमहा बाजूला काढायचा, हप्ता त्याच आकड्यावर ठरवला, आणि आम्ही नातेवाइकांना फोन करून करून सांगितलं की किती कमी कर आहे इथे. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं. एस्क्रोतली तूट आणि वाढलेला हप्ता एकदमच अंगावर आला. नवं घर घेताना बिल्डरच्या कागदावरचा कर बघू नका, खरेदी किंमत गुणिले त्या पत्त्याचा एकूण दर, असं स्वतः करा.

मग विमा. फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला घराचा विमा बजेट मोडू शकतो. टेक्सासमध्ये गारपिटीसाठी वेगळी वजावट असते, ती बहुधा घराच्या विमा रकमेच्या १-२ टक्के. म्हणजे ५ लाखांच्या घराचं छप्पर गारांनी फुटलं तर पहिले पाच-दहा हजार आपले. पुराचं नुकसान नेहमीच्या घर-विम्यात येत नाही, आणि सरकारी पूर-विमा घेतल्यावर लागू व्हायला सहसा ३० दिवस जातात. घर पसंत पडलं की ऑफर देण्याआधी त्या पत्त्याचं विम्याचं कोटेशन मागवा. पाच मिनिटांचं काम आहे, आम्ही ते शेवटच्या आठवड्यात केलं.

फेडरल रिटर्नमधली राज्य व स्थानिक करांची वजावट २०१८ पासून १० हजारांवर अडकली होती. २०२५ साठी ती ४० हजार झाली, ५ लाखांच्या वरच्या उत्पन्नाला ती कमी होत जाते, आणि २०३० मध्ये पुन्हा १० हजारांवर येणार आहे. जोडप्याची स्टँडर्ड, म्हणजे सरसकट मिळणारी, वजावट २०२५ साठी ३१,५०० होती, तेव्हा घराचं व्याज आणि हे कर मिळून तिच्या वर जात असतील तरच याचा उपयोग. जास्त कराच्या राज्यातून निघताना ही वजावट हातची जाते, म्हणजे खरी बचत कागदावर दिसते त्याहून थोडी कमीच असते.

चौथी पायरी: बारीकसारीक, पण एक सोडून

वीज, टोल, गाडीचा विमा यांचे आकडे त्या पिनकोडचे कोटेशन मागवून एका संध्याकाळी मिळतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

पण मुलांच्या वयाच्या तारखा मात्र नीट बघा. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला सरकारी शाळेच्या किंडरगार्टनमध्ये घेतात. टेक्सासमध्ये ही तारीख १ सप्टेंबर आहे. मुलाचा वाढदिवस सप्टेंबरच्या मध्यावर असेल तर एका राज्यात फुकट सरकारी शाळा आणि दुसऱ्यात डेकेअरचं आणखी एक अख्खं वर्ष. याउलट जॉर्जियात चार वर्षांच्या मुलांसाठी राज्याचा मोफत प्री-के, म्हणजे शाळापूर्व वर्गाचा, कार्यक्रम १९९० च्या दशकापासून आहे, फक्त जागा मिळायला हवी.

मूल अकरावी-बारावीत असेल तर कॉलेजच्या फीचा विचार करकपातीच्या खूप आधी. राज्यातल्या सरकारी विद्यापीठात रहिवाशाची फी मिळायला बहुतेक ठिकाणी वर्षभराचं वास्तव्य लागतं, आणि व्हिसावरच्या मुलांना ती मिळते का हे राज्याराज्यावर आहे. फरक किती? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्या विद्यार्थ्याला २०२४-२५ मध्ये नेहमीच्या फीवर ३४,२०० डॉलर जादा होते. टेक्सासमध्ये शाळेत पहिल्या १० टक्क्यांत येणाऱ्याला राज्याच्या सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश, ऑस्टिनच्या विद्यापीठाला मात्र त्याहून वरचा क्रमांक लागतो. नावाजलेल्या शाळेच्या हद्दीत घर घेण्यासाठी धडपडणारे आपले लोक एक गोष्ट विसरतात, की त्या शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत येणं सगळ्यात अवघड.

पाचवी पायरी: दुसरी नोकरी कुठे आहे

हाती ऑफर आहे म्हणजे नोकरीचा प्रश्न सुटला, असं वाटतं. तो निम्मा सुटलेला असतो. उरलेला निम्मा असा: ही नोकरी आठ महिन्यांनी गेली तर घर न हलवता दुसरी मिळेल का?

माझी सोपी चाचणी आहे. कागद घ्या आणि त्या गावात रोज जाता येईल एवढ्या अंतरावरच्या दहा कंपन्यांची, रुग्णालयांची, विद्यापीठांची नावं लिहा, जिथे तुमच्यासारख्या माणसाला खरोखर घेतात. दहा झाली तर निवांत जा. पाचावर अडलात तर भाड्याने राहा, घर घेऊ नका. दोन-तीनच सुचली तर पगार कितीही चांगला असो, तो धोक्याची भरपाई धरून वाटाघाट करा. मग हीच यादी जोडीदारासाठी करा. ही दुसरी यादी फार कमी घरांत होते. आमच्याकडे पहिल्या वेळी झाली नाही, आणि दीड वर्ष माझं उत्पन्न शून्य होतं.

पगाराचा बाजारभाव कळायला दोन सरकारी खजिने आहेत. कामगार खात्याच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सकडे महानगर आणि व्यवसायानुसार पगारांचे आकडे आहेत. आणि एच-वन या नोकरीच्या व्हिसासाठी कंपन्यांनी भरलेल्या लेबर कंडिशन अर्जांची माहिती कामगार खातं सार्वजनिक करतं: कंपनी, गाव, पद, पगार. तुम्ही नागरिक असा वा नसा, ऑफरवर घासाघीस करताना यासारखं हत्यार नाही. अर्जांची संख्या पाहिली की त्या गावात तुमच्या कामाला किती मागणी आहे तेही कळतं.

आहे त्याच कंपनीत राहून गाव बदलणार असाल तर एचआरला पहिला प्रश्न हा विचारा: माझा पगार नव्या गावाच्या श्रेणीत जाणार का? १ लाख ८० हजारांवर १० टक्के कपात झाली तर अठरा हजार गेले. फेडरल कर वगैरे धरून हातातले साधारण साडेबारा हजार. टॅक्समध्ये वाचले होते अकरा.

करारातली कलमंही राज्याप्रमाणे बोलतात. नोकरी सोडून स्पर्धक कंपनीत जाऊ नये, असं कलम कॅलिफोर्नियात चालत नाही, टेक्सासमध्ये वाजवी असेल तर चालतं. सहीआधी वाचा. बेकारी भत्त्यातही जमीनअस्मानाचा फरक: फ्लोरिडात कमाल आठवड्याला २७५ डॉलर, मॅसॅच्युसेट्समध्ये कमाल हजाराच्या वर. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक अशा परवान्याच्या व्यवसायात असाल तर परवाना आधी, ट्रक नंतर. परिचारिकांचा बहुराज्यीय परवाना टेक्सास, फ्लोरिडा, न्यू जर्सीत चालतो. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्या करारात नाहीत.

सहावी पायरी: व्हिसावर असाल तर इथे थांबा

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही पायरी ओलांडून पुढे जा. बाकीच्यांनी वकिलाशी बोलण्याआधी घराचा शोधही सुरू करू नये.

एच-वन जागेला बांधलेला असतो. इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमियो निर्णयानंतर कामाची जागा दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली तर कंपनीला सुधारित पिटिशन, म्हणजे व्हिसाचा अर्ज, दाखल करावी लागते, आणि ती नव्या जागी काम सुरू करण्याआधी. घरून काम करत असलात तरी घराचा पत्ता हीच कामाची जागा. "मॅनेजरने तोंडी हो म्हटलंय" याला इमिग्रेशनच्या फाइलीत शून्य किंमत.

ग्रीन कार्डाची पर्म प्रक्रिया, म्हणजे या जागेसाठी अमेरिकन माणूस मिळत नाही हे कंपनीने दाखवून देण्याची पायरी, तीही गावाशी जोडलेली असते. आय-१४० हा कंपनीचा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज मंजूर असेल तर प्राधान्य तारीख, म्हणजे रांगेतली तुमची जागा, सहसा तुमचीच राहते, पण नव्या जागेसाठी पर्म पुन्हा करावं लागू शकतं. आय-४८५ हा तुमचा स्वतःचा शेवटचा अर्ज दाखल होऊन १८० दिवस झाले असतील तर तशाच प्रकारच्या कामावर जायची बरीच मोकळीक मिळते. यात अडकलेल्यांना माझं मत विचाराल, तर पर्म निम्म्यात असताना नुसता कर वाचवण्यासाठी गाव बदलू नका. आणि नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, हे पाचव्या पायरीतल्या दहा नावांच्या यादीशेजारी लिहून ठेवा.

सातवी पायरी: स्थलांतराचा खर्च कोण देतो

स्वतःच्या खर्चाने सामान हलवलं तर फेडरल रिटर्नमध्ये २०१८ पासून वजावट नाही, सैन्यातल्यांसारखे मोजके अपवाद सोडून. कंपनीने पैसे दिले तर ते पगार म्हणून करपात्र. म्हणून "दहा हजार रिलोकेशन" ऐकलं की लगेच विचारा, हे ग्रॉस-अप केलेले आहेत का, म्हणजे त्यावरचा कर कंपनी भरणार का. नसेल तर हातात सात हजारच धरा. ठरावीक मुदतीआधी सोडलं तर रक्कम परत मागण्याचं कलमही बहुतेक पत्रांत असतं, आणि लेऑफ झाला तरी ते लागतं का, हे लेखी घ्या.

राहतं घर विकत असाल तर गेल्या पाचपैकी दोन वर्षं त्यात राहिल्यास जोडप्याला ५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त. दोन वर्षं झाली नसतील, पण नवी नोकरी जुन्या घरापासून पुरेशी लांब असेल, तर त्या प्रमाणात अंशतः सूट मिळते. न्यू जर्सी सोडताना 'एक्झिट टॅक्स' लागतो अशी एक दंतकथा आहे. तो वेगळा कर नाही. अनिवासी विक्रेत्याकडून आगाऊ कर कापून ठेवतात, रिटर्न भरल्यावर जास्तीचा परत येतो. पैसे काही महिने अडकतात, एवढंच.

आता हे सगळे एकदाच होणारे खर्च बेरजेला घ्या: ट्रक, लीज मोडण्याचा दंड, दोन्हीकडचं एखाद महिन्याचं भाडं, एजंटचं कमिशन, गाडीची नोंदणी. त्याला वरच्या पायऱ्यांतून निघालेल्या निव्वळ वार्षिक बचतीने भागा. उत्तर दोन वर्षांच्या वर आलं आणि तुमची दहाची यादी पाचावर अडलेली असेल, तर मी राहतं गाव सोडणार नाही.

आठवी पायरी: जुनं राज्य सहज सोडत नाही

ज्या वर्षी हलाल त्या वर्षी दोन्ही राज्यांत वर्षाच्या काही भागापुरते रहिवासी म्हणून रिटर्न भरावे लागतात, दोन्हीकडे आयकर असेल तर. डब्ल्यू-२ या पगार आणि करकपातीच्या वार्षिक दाखल्यावर राज्यवार विभागणी बरोबर आहे का ते जानेवारीतच तपासा. कंपनीचा पगार विभाग नवा पत्ता टाकायला विसरतो, आणि निस्तरायचं आपल्याला.

कंपनीचे शेअर मिळत असतील तर कॅलिफोर्निया तुम्ही निघून गेल्यावरही हिस्सा मागतं: शेअर जाहीर झाल्यापासून हातात पडेपर्यंतच्या कामाच्या दिवसांपैकी जितके तिथे घालवले, त्या प्रमाणात. ४०१-के या निवृत्तीच्या खात्याचं मात्र तसं नाही. १९९६ च्या फेडरल कायद्याने अनिवासी माणसाच्या निवृत्तिवेतनावर जुन्या राज्याला हात टाकता येत नाही. न्यूयॉर्कमधल्या कंपनीचं काम दुसऱ्या राज्यातून स्वतःच्या सोयीसाठी करत असाल तर न्यूयॉर्क त्या दिवसांवरही कर लावतं. रिमोट नोकरीवाल्यांनी निघण्याआधी ही ओळ दोनदा वाचावी. आणि तिथे राहती जागा ठेवून वर्षात १८३ दिवसांहून अधिक काढले तर पूर्ण रहिवासीच धरतं. तारखा डायरीत लिहा.

पोचल्यावरचा पहिला महिना

नागरिक नसाल तर इमिग्रेशनला पत्ताबदल १० दिवसांत कळवा. टेक्सासमध्ये गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत. कॅलिफोर्नियात गेलात तर लायसन्सला १० आणि गाडीला २० दिवस. लायसन्सच्या फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन असतो, नागरिक नसाल तर त्यावर चुकूनही खूण करू नका आणि काउंटरवरच्याने केली असेल तर सहीआधी खोडून घ्या. चुकून झालेली नोंदणीही पुढे ग्रीन कार्डच्या मुलाखतीत त्रास देऊ शकते.

आणि घर घेतलं असेल तर होमस्टेडचा अर्ज. तो आपोआप होत नाही, काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात स्वतः भरावा लागतो, त्याला लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो, आणि तो फुकट आहे. "भरून देतो, दोनशे डॉलर द्या" अशी पत्रं पेटीत येतील, ती रद्दीत टाका. आम्ही पत्रं रद्दीत टाकली आणि अर्जही विसरलो. टेक्सासमध्ये तो दोन वर्षांपर्यंत मागाहून भरता येतो, म्हणून पैसे परत आले.